पहिल्या कागदावरचं ‘ठीक’

ऑफिसात सगळे त्यांना प्रिंटरकाका म्हणत. वय छप्पन्न, त्यातली वीस वर्षं इथली यंत्रं सांभाळण्यात गेलेली. दुरुस्तीनंतर निघालेल्या पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘ठीक’ लिहून तारीख टाकायची, ही त्यांची जुनी खोड.

सोमवारी नवे साहेब म्हणाले होते, “काका, विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्ही तऱ्हेच्या कॉम्प्युटरांचे कागद एकाच प्रिंटरवर निघाले पाहिजेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर बाहेरची माणसं आणू.” त्या ‘नाहीतर’चा अर्थ काकांना बरोबर कळला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? बायकोला मात्र त्यांनी “किरकोळ काम आहे गं” एवढंच सांगितलं.

मग त्यांनी जिवाचं रान केलं. कोपऱ्यातल्या लिनक्सवाल्या जुन्या कॉम्प्युटरला मध्यस्थ नेमलं. सगळ्यांनी कागद त्याच्याकडे पाठवायचे, त्याने प्रिंटरकडे. संध्याकाळी सगळं सुरळीत चालायचं आणि सकाळी पुन्हा ठप्प. शुक्रवारीही तेच. त्यात ऑफिसातली माणसं एकेक नमुने! कागद आला नाही की दाब बटण, पुन्हा दाब.

“काका, माझा एक कागद अडकलाय हो,” टायपिस्टबाई दोनदा सांगून गेल्या. नजरेला नजर देत नव्हत्या. वैतागल्या असतील, असं काकांना वाटलं.

चार वाजता खोट सापडली. शिपाई रोज जाताना प्रिंटर बंद करायचा. सकाळी चालू केला की नेटवर्क त्याला नवा पत्ता द्यायचं, आणि मध्यस्थ बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद धाडत बसायचा. बंद करायची शिस्त शिपायाला लावली कोणी? काकांनीच! त्यांनी कपाळावर हात मारला आणि प्रिंटरला एकच कायमचा पत्ता लावून दिला. सकाळपासून तुंबलेले कागद धडाधड बाहेर पडू लागले. काकांचे डोळे भरून आले. वाचलो बुवा, ते मनात म्हणाले.

सवयीने त्यांनी पहिला कागद उचलला, शाई बघितली, समास बघितला, कोपऱ्यात ‘ठीक’ लिहून तारीख टाकली. मग मजकूर वाचला. आजपासून त्यांना सेवेतून कमी करण्यात येत होतं. वर वेळ छापली होती, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.

मागोमाग तेच पत्र पुन्हा आलं, मग पुन्हा. बाईंनी बटण अकरा वेळा दाबलं होतं.

“आला का हो माझा कागद?” दारातून त्यांनी हळूच विचारलं.

“आला.” काकांनी अकराही प्रती नीट जुळवून त्यांच्या हातात दिल्या. “तिन्हीकडून निघतंय आता. साहेबांना तेवढं सांगा.”