स्त्रीपार्टीचं तिकीट

"मॅडम, आमचो राजा माळ्यार चढूचो नाय," गुंडूमामा तिकिटं खिडकीतून आत सरकवत म्हणाले. "राजाक वरचो बर्थ आणि द्रौपदीक खालचो. ह्या खंयचा राज्य?"

गुंडूमामा म्हणजे आमच्या भागातल्या एका दशावतारी मंडळाचे मालक. मंडळाला दिल्लीत प्रयोगाचं निमंत्रण आलं होतं, पहिल्यांदाच. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या स्टेशनवर रिझर्वेशन क्लार्क होते, अजून प्रोबेशनवर. सोळा जणांचं हे बुकिंग मीच केलं होतं.

आरक्षणाच्या एका फॉर्मवर सहाच नावं बसतात. मोठा गट असेल तर वरिष्ठ कार्यालयाची परवानगी आणावी लागते. त्याला आम्ही पार्टी बुकिंग म्हणतो. प्रयोगाला निघालेल्या कलावंतांना तेव्हा भाड्यात मोठी सवलत असे. पुढे ती बंद झाली. सवलतीसाठी नाव, वय आणि स्त्री की पुरुष, अशी यादी जोडायची. यादी आली, मंजुरी आली, मी तिकिटं काढली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, "आज मी अख्खं दशावतारी मंडळ दिल्लीला पाठवलं."

"मामा, बर्थ कॉम्प्युटर देतो," मी समजावलं. "पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना जमेल तिथे खालचा मिळतो."

"मगे आमच्यात बायलो खंय आसत?"

मी यादी काढली. शशी, वय बावन्न. पुढे गुंडूमामांच्या अक्षरात 'स्त्री'. किरण, वय सत्तेचाळीस. 'स्त्री'.

"हे तुम्हीच लिहिलंय, मामा."

"लिवलंय. दोघांचीय स्त्रीपार्टी. तूच सांगितलंस मा, पार्टीची सगळी माहिती लिवा म्हणान? रकानो बारीक होतो. 'पार्टी' रवली भायर."

दशावतारात बायकांची कामं पुरुष नटच करतात. त्या नटाला स्त्रीपार्टी म्हणतात, राजाचं काम करणाऱ्याला राजपार्टी. बाहेरगावच्या क्लार्कने निदान एकदा विचारलं असतं. मी पडले इथल्याच इन्सुली गावची. शशीकाकांना मी लहानपणापासून जत्रेत पाहत आले ते लुगड्यातच. त्यांची द्रौपदी रडायला लागली की मीही रडायचे. त्यांच्या नावापुढे 'स्त्री' वाचून मला काहीच खटकलं नाही.

आता मात्र घाम फुटला. तिकिटावर बाई आणि बर्थवर बाप्या दिसला, तर टीसी सवलत नाकारून दोघांना विनातिकीट ठरवू शकत होता. रद्द करून नवीन तिकीट काढावं, तर वेटिंग लिस्ट लांबलचक.

"त्या दोघांशिवाय भागेल का?" मी विचारलं.

"द्रौपदी नाय तर दुःशासन कोणाक ओढतलो गो बाय? माका?"

मी त्यांना घेऊन सुपरवायझर सरांकडे गेले. सर सोलापूरकडचे. नियमाबाहेर एक पाऊल टाकत नसत, पण नियमात बसणारं काम कधी अडवत नसत. त्यांनी दशावतार पाहिलेला नव्हता.

"शशी ही स्त्री आहे की पुरुष?"

"पुरुष, सर. पण द्रौपदी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"दुरुस्ती करता येईल," ते म्हणाले. "पण माझी खात्री पटली पाहिजे. सवलत एकाची आणि प्रवास दुसऱ्याचा, असं झालं तर सही माझी असणार." त्यांनी गुंडूमामांकडून नंबर घेतला आणि स्पीकरवर फोन लावला.

"नमस्कार. बोला हां," पलीकडून अगदी नाजूक आवाज आला.

"ताई, रेल्वेतून बोलतोय. जरा शशी यांना फोन देता का?"

"मीच शशी."

सरांनी फोन बंद केला. "तिकीट बरोबर आहे. बदलायचं कारण नाही."

"सर, तो आवाज कामातला आहे," मी म्हणाले.

"आत्ता कुठलं काम चाललंय त्यांचं?"

"तीस वर्सा झाली, साहेबानू," गुंडूमामा मध्ये पडले. "आता घरात बायलेवांगडा भांडताना पण तोच आवाज येता."

शेवटी दोघांनाही ओळखपत्र घेऊन बोलावलं. तासाभरात मोटारसायकल आली. शशीकाका हाफ पँटवर होते, हातांना काजूच्या चिकाचे डाग, गालावर चार दिवसांची पांढरी दाढी. मागे किरण. त्याची दाढी इतकी वाढली होती, की सरांनी त्याला एक शब्द विचारला नाही.

शशीकाकांचं कार्ड मात्र त्यांनी दोनदा पाहिलं. "काहीतरी बोला."

"काय बोलू, साहेबानू?" तोच आवाज. बाहेरची रांग खिडकीला चिकटून हसायला लागली.

"पुरे," सर म्हणाले.

अर्ज, कार्डाच्या झेरॉक्स, सरांची सही. नोंद बदलली, तिकिटावर शिक्का बसला. बर्थ होते तेच राहिले.

"आणि राजाचा काय?" गुंडूमामांनी विचारलं.

"बर्थ आपसांत बदलायला रेल्वेची परवानगी लागत नाही."

"माका इचारूक लागता," शशीकाका लाजत म्हणाले. "त्येका सांगा, पयलो मान दी, मगे बगू."

ते गेल्यावर सरांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. प्रोबेशनमध्ये असा कागद वर गेला तर नोकरीवर गदा येते. मी दोन पानं लिहिली. सरांनी ती शांतपणे वाचली.

"यात तुझी चूक एकाच ओळीत आहे. बाकी सगळा दशावतार आहे."

"हो, सर."

"ती ओळ वहीत लिहून ठेव. पानं मी घरी वाचायला नेतो." कागद वर गेला नाही. हे उपकार मी विसरलेले नाही.

मंडळ दिल्लीला पोचलं, प्रयोगही झाला. तेव्हापासून कुठलीही पार्टी आली, की मी यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवून विचारते, "गाडीत बसताना पुरुष की स्त्री?" लोक विचित्र नजरेने बघतात. मागे एका भजनी मंडळाच्या बुवांनी माझी तक्रारसुद्धा केली. तिकिटं मात्र बरोबर निघतात.