ताईची टाकी आणि तळ्यातलं झाड

हसायचं नाही, आधीच सांगतो. म्हणजे हसाल तुम्ही, माझी काय ना नाही, पण निदान कप खाली ठेवून हसा. मी असा काही घोळ घालून ठेवलाय की आमचं अख्खं घर तो अजून भोगतंय, आणि तेही जेवणाच्या ताटात.

माझी थोरली बहीण चौलला दिलेली. आमचे भावोजी हौशी माणूस. त्यांनी घरात काचेची टाकी ठेवली होती, गोड्या पाण्याची, आणि तिच्यात रंगीत गप्पी मासे. भावोजी गेले, मासे राहिले. म्हणजे तेच मासे नाहीत, त्यांची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं. ताई सकाळी देवाला फूल वाहायची आणि मग टाकीसमोर बसून माशांशी बोलायची. काय बोलायची ते आम्ही कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, एवढी अक्कल मला होती. पुढची नव्हती.

झालं असं, की ताईची लेक मेघना पुण्याला, आणि तिचे दिवस भरत आलेले. तिला नोकरीमुळे माहेरी येता येईना, म्हणून ताईच निघाली पुण्याला. आता टाकी कुणाकडे? तर भावाकडे. आमचं गाव किहीमच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. टेम्पोत टाकी बसवून ताई स्वतः घेऊन आली.

"सुधा, ही बघ राणी," तिने मला एक फुगलेली मासोळी दाखवली. "हिलाही पिल्लं होणार आहेत. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. पण मोठे मासे ती खाऊन टाकतात रे. त्यांना लपायला दाट झाड हवं. माझं होतं ते सडलं. झुडपासारखं दाट बघ, आणि फार लाड न मागणारं. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे रोज बघावं लागेल असं झाड तुझ्याकडे जगायचं नाही."

यात खोटं काही नव्हतं. माझं टाइल्सचं दुकान आहे. टाइलला पाणी घालावं लागत नाही, म्हणून मी त्या धंद्यात टिकलो.

तरी मी अलिबागला जाऊन माशांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार उत्साही निघाला. या झाडाला उजेड कमी चालतो, हे दगडाला दोऱ्याने बांधायचं, हे मातीत पुरलं तर कुजतं. मी म्हटलं, बांधणं नको, पुरणं नको, टाकलं आणि विसरलं असं दाखवा. त्याने एका पिशवीतून हिरवीगार, मांजराच्या शेपटीसारखी झुबकेदार फांदी काढली. "हे घ्या. पाण्यात सोडून द्यायचं. याच्यासारखं गरीब झाड नाही."

मी बघतच राहिलो. अहो, हे तर आमच्या तळ्यात ढिगाने!

आता आमच्या तळ्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे घरापुढे तळं असणं म्हणजे तुमच्याकडे घरापुढे गाडी असणं. पावसाळ्यात खाडीवरून जिताड्याची, म्हणजे आमच्याकडच्या मानाच्या माशाची, पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची, आणि दोन-तीन वर्षं वाट बघायची. जावई आला, व्याही आला, कुणी मोठा माणूस आला, की जाळं टाकायचं. पाहुण्याला जिताडा नाही वाढला तर तो तोंडाने काही बोलत नाही, पण गावात जाऊन बोलतो. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, यांचा तर या तळ्यावर जीव. खोटं नाही सांगत, माझ्या लग्नात कोण कोण आलं ते त्यांना आठवत नाही, पण तेव्हा जिताडा किती भरला ते ते हात पसरून दाखवतात.

तर घरच्या तळ्यातलं शेवाळ मी दुकानातून विकत घेऊ? दुकानदाराला मी तसं सांगून टाकलं. तो बिचारा म्हणाला, "घ्या की तळ्यातलं, झाड तेच आहे. फक्त आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, मग टाकीत सोडा. काय काय येतं त्याच्याबरोबर."

मी म्हटलं हो हो. मनात म्हटलं, बादलीत ठेवायचं, बघायचं, पाणी बदलायचं, म्हणजे हे लाडच झाले की.

तळ्यावर गेलो, कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि दोन कवळ झाड उपसून आणलं. मेथीची जुडी धुतात तसं नळाखाली एकदा हलवलं आणि सोडलं टाकीत. काय शोभा आली म्हणून सांगू! ताईला फोटो पाठवला. तिने विचारलं, "धुतलंस ना नीट?" मी म्हटलं, "धुतलं." तसं म्हटलं तर धुतलं होतंच.

थोड्याच दिवसांत राणीला पिल्लं झाली. डोळे आणि शेपटी, बाकी काही नाहीच. तिकडे पुण्यात मेघना बाळंत झाली. आम्ही फोनवर एकमेकांना पेढ्यांची बातमी दिली. ताई इतकी खूश, की नातीचं नाव सांगायच्या आधी तिने विचारलं, "पिल्लं लपतायत ना झाडात?"

"लपतात म्हणजे? एक दिसत नाही."

खरंच एकही दिसत नव्हतं. मला त्यात माझं कर्तृत्वच दिसलं.

पुढच्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, मोठे मासेही कमी वाटतायत."

"अगं, झाड दाट आहे. रमलेत आत."

"आणि खायलाही बाहेर येत नाहीत?"

"बाळंतीण आहे ती. विश्रांती घेत असेल."

आबांना विचारावं, तर ते टाकीकडे पाठ करून बसत. जो मासा खायचा नाही त्याला काय बघायचं, हे त्यांचं मत. टाकी आल्या दिवसापासून त्यांनी खुर्ची फिरवून घेतली होती, ती फिरवलेलीच.

आणि मग एक दिवस झाडातून एक पिल्लू बाहेर आलं. तपकिरी, अंगावर ठिपके आणि नाकापासून डोक्यावर सरळ पांढरा पट्टा. फांदीला लागून तोंड खाली करून असं स्थिर उभं, जणू ध्यानाला बसलंय. मी ताबडतोब ताईला व्हिडिओ लावला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "कपाळाला टिळा आहे रे त्याच्या. यांच्यासारखा." भावोजी रोज गंध लावायचे. तिने त्याचं नाव ठेवलं, टिळ्या.

त्या दिवसापासून टिळ्या म्हणजे घरचा भाचा. ताई रोज त्याला बघायची. तो वाढायचाही जोरात. गंमत म्हणजे मी टाकलेल्या खाण्याला तो तोंड लावत नव्हता. मी सांगायचो, "बघ ताई, काही न खाता वाढतोय. पाणी मानवलंय त्याला." बायको पलीकडून म्हणायची, "मग काय वारा खातोय?" तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. या घरात मी लक्ष न दिलेल्या गोष्टींची एक वेगळी खोली बांधायला हवी.

उलट मी काय केलं? मासे अजून लपून राहतात, म्हणजे त्यांना झाड फार आवडलंय, असा निष्कर्ष काढला. आणि तळ्यातून आणखी एक कवळ आणून टाकलं.

ताई परत आली ती पुण्याहून थेट आमच्याकडे. चौलला आधी गेली नाही. हातात माशांच्या खाण्याचा नवा डबा. चप्पल काढली आणि टाकीपुढे बसली. "राणी कुठाय?"

"आहे ना आत. थांब, झाड बाजूला करतो."

झाड बाजूला केलं. कुणी नाही. दुसरीकडचं केलं. कुणी नाही. शेवटी सगळंच झाड उचलून परातीत काढलं. स्वच्छ पाणी, खाली वाळू, आणि मधोमध टिळ्या, तळहाताएवढा. बाकी टाकी रिकामी.

लेक आली म्हणून आबा खुर्चीतून उठून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी टाकीकडे तोंड केलं. वाकले, चष्मा वर केला. "ह्यो जिताडा हाय," ते म्हणाले. "माझ्या तळ्यातला. ह्याला हितं कुनी आनला?"

मला एकेक गोष्ट आठवायला लागली. बादली, नळ, मेथीची जुडी, काही न खाता वाढतोय. जन्मभर जिताडा खाल्लेला माणूस मी. पण ताटात तुकडा येतो, त्याच्या बालपणाचा फोटो येत नाही. आबा पिल्लं सोडायचे तेव्हा मी कधी मडक्यात डोकावून पाहिलं नव्हतं.

"तरी बरा पोसलास," आबा खुशीत म्हणाले. "दोन वर्सांनी..."

"आबा," बायकोने त्यांना थांबवलं.

ताईने काचेला बोट लावलं. टिळ्या आला बोटाजवळ. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळे ह्याच्यातच आहेत ना रे?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी चार उत्तरं तयार ठेवली होती. भावोजींचं घरात उरलेलं एकच जिवंत काहीतरी तिने विश्वासाने माझ्या हाती दिलं, आणि मी ते एका बादलीचा कंटाळा करून घालवलं.

मी म्हटलं, "ताई, मी नवीन गप्पी आणतो. तसेच, त्याच रंगाचे."

"नको," ती म्हणाली. "ह्याला तळ्यात सोड."

सोडला. ताई काठावर उभी राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत. टाकी काही तिने परत नेली नाही. ती आहे आमच्याच हॉलमध्ये, आणि तिच्यातलं झाड काय माजलंय म्हणून सांगू. खत नाही, निगा नाही. मासाही नाही.

इथे संपलं असतं तर मी कुणाला सांगितलंही नसतं. पण यंदा आमच्या लेकीचं, प्राजक्ताचं लग्न ठरायला आलं. बोलणी करायला पेणकडचे पाहुणे येणार. आबांनी आदल्या दिवशी जाळं काढलं आणि उन्हात झटकलं. ताई आली होतीच. ती शांतपणे म्हणाली, "तळ्यात जाळं टाकायचं नाही."

"अगो, तुजा तेवडा सोडतो. बाकीचं हायत की."

"माझा कोणता ते ओळखाल?"

आबांनी जाळं खाली ठेवलं. मोठा झाला की टिळा जातो, तळ्यातले सगळे सारखेच दिसतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं, की मला वाटलं जाळं माझ्यावरच पडतंय.

दुसऱ्या दिवशी पेणकडच्या पाहुण्यांना आम्ही बटाट्याची रस्साभाजी वाढली. घरापुढे तळं भरलेलं, पाण्यावर मासे उसळतायत, आणि ताटात बटाटा. व्याही होणारा माणूस एकदा तळ्याकडे बघे, एकदा ताटाकडे. शेवटी राहवेना. "काय आबा, यंदा जिताडा लागला नाही वाटतं?"

"लागलाय की, भरपूर हाय," आबा म्हणाले. "पन त्यातला एक आमच्या सुधाकरचा भाचा हाय. कनचा, त्ये त्यालाबी म्हाईत न्हाय."

पाहुण्यांना वाटलं म्हातारा चळला. त्यातल्या बाई मात्र टाकीपाशी थांबल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "झाड किती छान वाढलंय हो. काय करता याला?"

"काही नाही," मी म्हटलं.

लग्न ठरलं, पोरीचं नशीब. पाहुणे गेल्यावर ताई तळ्याच्या काठावर जाऊन बसली. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो. तिची नजर पाण्यावर होती.

"दिसतो का रे कुठे?" तिने विचारलं.

"असेल झाडात लपलेला," मी म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. डोळे पुसत हसली. "सुधा," ती म्हणाली, "तू टाइल्स वीक."