पाण्याचं बटण

शाळा नववीत सुटली. त्यामुळं कुणी प्रश्न विचारला की मी अजून आधी दाराकडं बघतो. बंगळुरात मी आता वेबसाइटची पानं बनवतो, तरी साहेबानं "जरा इकडं ये" म्हटलं की वाटतं, आज कामावरून काढतात. त्या दिवशी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत पहिली कमांड टाकली आणि कॉम्प्युटरच प्रश्न विचारायला लागला.

प्रोजेक्टचं नाव?

मी मराठीत 'दादा' लिहिलं. त्याला चाललं नाही. इंग्रजीच पाहिजे, तीही बारकी अक्षरं.

वडलांना आम्ही दादा म्हणतो, चुलत्यांचं ऐकून. दिवाळीनंतर त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. गावाकडं, डिंगोऱ्यात, आई त्यांच्या उशाशी आणि मी इकडं, चार दिवस राहून परत आलेला. काही मागायचं असलं की दादा नुसता आवाज काढायचे, आई एकेक वस्तू पुढं धरायची, आणि शेवटी दोघंही रडायची. म्हणून मोबाईलवर मोठी बटणं असलेलं एक पान करायचं ठरवलं. दादांनी बोट लावायचं, मोबाईलनं बोलायचं. त्यांच्या मनातलं घरात कुणाला तरी कळावं, एवढंच.

पण रिकाम्या फोल्डरपासून मी कधी काही उभं केलं नव्हतं. दुसऱ्यांनी मांडलेल्या कामात रंग बदल, बटण सरकव, असलंच करत आलो. ऑफिसात बेळगावच्या एक ताई आहेत. मी इथं वायरी ओढायला आलो होतो, की-बोर्डपुढं त्यांनी बसवलं. त्या डबा घेऊन माझ्या शेजारी आल्या.

"काय करायलास रे? घाम फुटलाय तुला."

"ताई, हे विचारतंय, लेखक कोण."

"मग तुझं नाव घाल की. तो काय शाळेचा दाखला मागतोय होय?"

मी नाव घातलं, दोनदा स्पेलिंग तपासून. पुढच्या कमांडीसरशी शेकडो फोल्डर भराभरा उतरले. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी लिहून फुकट ठेवलेलं काम, माझ्या दादांसाठी. हात जोडावेसे वाटले.

"आधी रिकामं पान उघडतंय काय बघ," ताई म्हणाल्या. "मग एकेक बटण घाल. एकदम सगळं घातलास तर कुठं मोडलं ते कळणार नाही."

पांढरं पान उघडलं. मग चहा, दुखतंय, कूस बदल, लाईट आली का, आणि पाणी. प्रत्येकावर एक चित्र. पाण्यावर मी काचेचा पेला काढला.

बोलायला आधी कॉम्प्युटरचा तयार आवाज लावला होता. पान घरच्या मोबाईलवर पाठवलं, तर आईचा लगेच फोन.

"आरं, ह्यो पावना कोन बोलतोय आमच्या घरात? 'मला पाणी हवे आहे' म्हनं! त्यांनी हात मागं घेतला बग."

मग जिन्यात उभं राहून मी माझाच आवाज भरला. नुसतं "पाणी". नुसतं "दुखतंय".

आठवडाभर बरं चाललं. नंतर आई म्हणाली, "ह्ये बिगाडलंय. पानी दाबत्यात, मी तांब्या नेते, तर ढकलून देत्यात. परत पानीच दाबत्यात. आज अंथरून भिजलं."

मला वाटलं, चूक माझीच. एका बोटाला दोनदा वाजत असेल, नाहीतर चहाच्या जागी पाणी बोलत असेल. तीन दिवस मी तेच शोधत बसलो. बटणं लांब लांब केली, आवाजाच्या फाईली तपासल्या, सगळं पुन्हा चढवलं. आई सांगायची, अजून तसंच. शेवटी ताईंनी बघितलं.

"कोडमध्ये काय पण नाही रे. तू घरात विचार."

विचारायच्या आधीच चुलत्यांचा फोन आला. ते दादांपाशी बसायला गेले होते. दादांनी त्यांच्याकडं बघून बटण दाबलं, माझा आवाज म्हणाला "पाणी", आणि चुलते सहज बोलून गेले, "भरलं की दादा, वरच्या तुकड्यापतोर." तेव्हा कुठं दादांनी हात खाली घेतला आणि डोळे मिटून निवांत पडले.

"आरं, त्यांना कांद्याचं पानी इचारायचं व्हतं," चुलते म्हणाले. "आन् मी खोटं बोललो रं. कांदा हायेच कुटं?"

दादा आयुष्यभर "पाणी" म्हणाले ते रानाचंच. प्यायचं पाणी त्यांनी कधी मागितलं नाही, उठून घेतलं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पेला मीच काढला होता.

रान यंदा पडीक होतं. आईला उशापासून उठता येत नव्हतं, चुलत्यांना त्यांचंच आवरत नव्हतं, आणि मी इथं. दादांना सांगायचं नाही, असं आईनं सगळ्यांना बजावलं होतं. मला सुद्धा नव्हतं सांगितलं.

मग सुट्टी मागायला गेलो. साहेबानं लगेच दिली. मागायच्या भीतीनं मीच उगीच तीन दिवस घालवले होते.

घरी पोचलो. दादांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग मोबाईलकडं हात नेला. "पाणी," मोबाईल म्हणाला. माझाच आवाज मला विचारत होता.

आई दारातून मान हलवून सांगत होती, भरलं म्हण. मी मोबाईल बाजूला ठेवला. "चला, बघायला," मी म्हणालो.

चुलत्यांनी आणि मी त्यांना खुर्चीत बसवून बांधावर नेलं. गुडघाभर गवत होतं. सरीसुद्धा दिसत नव्हती. दादांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, मग परत पहिल्या टोकाकडं. रडले नाहीत. डाव्या हातानं माझी बाही ओढली आणि घराकडं बोट केलं.

आता मी परत बंगळुरात आहे. आईचा रोज फोन असतो.

"च्याचं दाबत्यात, कुशीचं दाबत्यात. पान्याचं न्हाई. तान लागली तरी न्हाई. व्हट वाळल्यालं दिसलं की मीच आपली पाजते."