उकळून मेलेली बॅटरी

आमच्या घरची बॅटरी मी रागाच्या भरात मारली. ती उकळून मेली, आणि तीही मला मुलगी द्यायला आलेल्या पाहुण्यांच्या देखत.

मला राग का येतो ते ऐकलंत तर तुम्हालाही येईल. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मुरबाडच्या डोंगराकडेला आमचा अकरा घरांचा पाडा. आमच्या भातखाचरांतून विजेचे उंच मनोरे गेलेले, तारा डोक्यावरून थेट शहराकडे! मनोऱ्याच्या पायाखालची जमीन आमची, आणि घरात चिमणी रॉकेलची. (हे लिहितानाही माझे कान तापलेत.) अंधाऱ्या घरात मुलगी द्यायची कोणी? तीन स्थळं आली, छपराकडे बघत चहा प्यायली आणि गेली. मी अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो होतो.

मग कुठल्याशा योजनेतून सौर दिवे आले. छपरावर पॅनेल, घरात बॅटरी, दोन ट्यूब आणि भिंतीवर वहीएवढी एक पेटी. तिचं नाव चार्ज कंट्रोलर. बॅटरी पोटभर भरली की ही पेटी पॅनेलचा करंट तोडणार, बॅटरी उतरली की ट्यूब बंद करणार. चार्जिंग चालू असेल तर हिरवा दिवा, बॅटरी उपाशी असेल तर लाल. हे सगळं मी शहापूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन शिकलो आणि पाड्याचा अधिकृत तंत्रज्ञ झालो. खिशाला टेस्टर लावल्याशिवाय मी नदीवर आंघोळीलासुद्धा जात नसे!

त्यातच तानसाकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलगी दहावी पास, नाव सुमन. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी तिचे वडील घर बघायला येणार होते. घर म्हणजे अर्थातच दिवे.

दसऱ्याला आपण कोयता पुजतो, नांगर पुजतो. मग दिव्यांनीच काय पाप केलंय? मी शिडी लावून छपरावर चढलो, पॅनेल धुतलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि त्यावर झेंडूचा हार घातला. असातसा नाही, चार पदरी! खुद्द तंत्रज्ञाने घातला म्हटल्यावर उरलेल्या दहा घरांनीही घातला. शिडी मीच धरली.

दुसऱ्या दिवसापासून अकराही पेट्यांवर लाल दिवा! संध्याकाळी ट्यूब लागायची आणि ताटं वाढून होईपर्यंत विझायची.

“कायतरी कर रे,” शेजारचे बारकूकाका तणतणत आले. “काल आमटी समजून ताक वतलं भातावर!”

“पेटीच खराब हाय काका! भंगार माल पाठवलाय सगला! गरिबाच्या माथी काय पन मारतात!”

“अकराच्या अकरा खराब?” आईने विचारलं.

“आय, शहापूरला तू शिकलीस का मी?”

सोमवारी मी आमची पेटी उपटली, खुंटीला टांगली आणि पॅनेलच्या आणि ट्यूबच्या वायरी सरळ बॅटरीला जोडून टाकल्या. त्या संध्याकाळी ट्यूब चांगली दीड तास चालली! (बॅटरी उतरली तरी ट्यूब तोडणारी पेटीच नव्हती ना!) मी अंगणात उभा राहून पेटीचा उद्धार केला. बुधवारी आईने पाहुणे येणार म्हणून वाळलेला हार काढून टाकला. आता चार दिवसांचं कडक ऊन थेट बॅटरीत शिरू लागलं, आणि त्याला पुरे म्हणणारी पेटी खुंटीवर होती.

रविवारी संध्याकाळच्या सुमाराला सुमनचे वडील आले. ओटीवर बसले आणि नाक वर करून हुंगू लागले.

“कसला वास ओ? अंडी नासल्यावानी?”

“शेजारच्यांची कोंबडी,” मी म्हणालो. “कुठं पन घालते.”

“माझ्याकडं कोंबडी नाय, नुसता कोंबडा हाय!” बारकूकाका अंगणातून ओरडले.

आतून गुडगुड आवाज यायला लागला.

“चहा उकळतोय,” मी घाईने म्हणालो.

“चहा तर माझ्या हातात हाय,” पाहुणे म्हणाले. “दिवा लावून दावा बघू.”

मी ऐटीत बटण दाबलं. ट्यूब अशी लख्ख पेटली की मी वळून पाहुण्यांचा चेहरा बघितला. तेवढ्यात फट्! ट्यूब गेली आणि बॅटरीच्या झाकणांतून फेस उतू आला. माझं डोकं फिरलं. योजनावाले, पेटीवाले, शिकवणारे, मनोरे, सगळ्यांना मी एका दमात झोडपलं. पाहुणे शांतपणे खुंटीकडे बघत होते.

“ही पेटी हितं का टांगली?”

“खराब हाय!”

पाहुणे उठले. शेजारी गेले, बारकूकाकांच्या शिडीवरून छपरावर चढले आणि पॅनेलवरचा हार ओढून काढला. दिवस मावळायला थोडा अवकाश होता.

“हिरवा! हिरवा लागला!” काकांनी घरातून आरोळी ठोकली.

“पॅनेलवर सावली पडू द्यायची नाय, हे शिकवलं नवतं तुमाला?” पाहुण्यांनी वरूनच विचारलं. त्यांच्या पाड्यातही हेच दिवे होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“शिकवलेलं.” (पहिल्याच दिवशी! वहीत त्याच्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.)

“मग ह्ये हार कुनी घातले?”

अख्खा पाडा माझ्याकडे बघायला लागला.

पाहुणे गेले. चौथं स्थळही हातचं गेलं होतं, आणि या खेपेला दोष अंधाराचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला राग काढायला दुसरा माणूस सापडेना. मला फार लाज वाटली.

आणि गुरुवारी होकार आला! माझा रोखठोक स्वभाव आवडला असणार, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो. लग्न झाल्यावर सुमनला सहज विचारलं.

“बाबा घरी येऊन म्हनले,” ती म्हणाली, “तिकडं पेट्या सगल्या बऱ्या हायत, तंत्रज्ञ तेवढा बदलाया पायजे. मी पन शहापूरला त्येच शिकलेले, पन आमच्या पाड्यात जागा भरलेली होती.”

म्हणजे तिने होकार दिला तो नोकरीला. नवरा सोबत आला.