हाताला बसेल असं पिस्तूल

मंदी आली तेव्हा आम्ही दोघं आणि आमची शाळकरी मुलगी शारजात राहत होतो आणि नवरा दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होता. एक दिवस त्याची साइट बंद झाली, क्रेन होती तशी उभी राहिली आणि तो लॅपटॉप ऑफिसात जमा करून दुपारी जेवायला घरी आला. खरं तर रडायचा प्रसंग. पण रोज ट्रॅफिकमध्ये पिचून रात्री उगवणारा माणूस भर दुपारी वरणभात कालवतोय, याचंच आम्हाला इतकं अप्रूप वाटलं की दोघंही हसत सुटलो. पुढचे काही महिने आम्ही असेच वागलो. अधांतरी असल्याची भीती वाटायला हवी होती, आम्हाला झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

साइट बंद झाली त्याच आठवड्यात, शुक्रवारी, टेक्सासहून नणंदेचा फोन आला. हायवेला लागून तिचं दुकान होतं.

"या इकडे तिघंही. दुकानाला घरची माणसं हवीच आहेत," ती म्हणाली. "फक्त पिस्तूल कसलं घ्यायचं ते ठरवून ये."

"कोणासाठी, ताई?"

"तुझ्यासाठी गं! गल्ल्यावर एकटी बसशील ना? माझं कायम पर्समध्ये असतं. रीतसर लायसन्स आहे. पण प्रत्येकीच्या हाताला वेगळं बसतं, तेव्हा तिकडे कुठे हाताळायला मिळालं तर बघून ये."

पुण्याला माझ्या माहेरी भाजीच्या सुरीचं टोकसुद्धा आईने मुद्दाम बोथट करून घेतलं होतं. त्या घरातली मी, आणि मला कोणी पिस्तूल निवडायला सांगत होतं! फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. मी धावत समोरच्या फ्लॅटमधल्या भाभीकडे गेले. भाभी रत्नागिरीकडची, तिच्या मिस्टरांचा रास अल खोरला खजुराचा घाऊक व्यापार होता. तिने पीठ मळता मळता सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पण वैनी, तू ता ठेवशील खंय?"

खरंच की. इथे अंगावर असलं काही बाळगायचा प्रश्नच नव्हता, साधा मिरचीचा स्प्रे जवळ ठेवणंही गुन्हा. त्यामुळे आम्ही आमच्या घरी येऊन तालमीसाठी टीव्हीचा रिमोट घेतला. पर्स बाद झाली, कारण चोर आधी पर्सच ओढणार. साडीच्या निऱ्यांत खोचला तर वाकता येईना. कुडत्याखाली सलवारीच्या नाडीत बसवला, तेव्हा भाभी लांबून बघत म्हणाली, "मस्त! अजिबात दिसत नाय." तेवढ्यात नवऱ्याचे जुने बॉस भेटायला आले. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले, आणि रिमोट सलवारीतून घसरत घसरत घोट्यापाशी येऊन थेट त्यांच्या बुटावर पडला. बॉसनी तो शांतपणे उचलून टीपॉयवर ठेवला. मुलगी किंचाळली, "मॉम! व्हाय आर यू लाइक धिस?" आणि भाभी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत खाली बसली.

नवऱ्यानेच शेवटी एका शूटिंग क्लबचा पत्ता काढला. तिथे त्यांचीच पिस्तुलं, त्यांच्याच प्रशिक्षकाच्या नजरेखाली चालवायला मिळत. आम्ही दोघं निघालो, आणि भाभी "मी फक्त बघूक येतंय" म्हणत मागच्या सीटवर बसली.

प्रशिक्षक इमाराती होती, साधारण आमच्याच वयाची. अबाया, त्यावर कानांना जाडजूड हेडफोन, आणि फर्डी हिंदी. मी टेक्सासची हकीकत सांगितल्यावर तिने माझा पंजा आपल्या पंजाशी लावून मोजला आणि काही पिस्तुलं टेबलावर मांडली. मी सगळ्यात छोटं उचललं. इवलंसं, देखणं, ओढणीखाली सहज मावणारं.

"यही चाहिए," मी म्हटलं.

ती हसली. "चलाके देखो."

पहिल्याच गोळीला मनगटाला असा हिसका बसला की मी "आई गं" ओरडले. "छोटावाला ज्यादा मारता है, हबीबती," ती म्हणाली. लपवायला सोपं ते चालवायला अवघड, हे मला तेव्हा कळलं. मग रिव्हॉल्व्हर घेतलं, तर त्याचा चाप ओढता ओढता बोट थरथरायला लागलं. आणखी एकाचा वरचा भाग मागे खेचायला माझी ताकदच पुरेना. शेवटी तिने एक मोठं, जड, पोलादी पिस्तूल हातात दिलं. त्याची मूठ तळव्यात अशी बसली जणू कोणीतरी माझ्याच हाताचं माप घेऊन केली होती. श्वास सोडला, चाप दाबला. कागदावरच्या काळ्या वर्तुळात भोक पडलं. परत दाबला. त्याच्या शेजारीच दुसरं.

मी नाचलेच. अर्थात पिस्तूल आधी टेबलावर ठेवून, कारण ती बाई डोळे वटारून उभी होती.

नवऱ्याची पाळी आली तेव्हा तो प्रत्येक गोळीला डोळे मिटत होता. भाभीने मात्र "बिस्मिल्ला" म्हणून असा नेम धरला की प्रशिक्षकबाईंनी टाळ्या वाजवल्या.

निघताना त्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "इधर कागज है. उधर आदमी होगा. कर पाओगी?"

मी माझा भोकं पडलेला कागद गुंडाळला आणि गाडीकडे निघाले.

गाडी हमरस्त्याला लागली. मग मी म्हटलं, "अरे, मला गोळी झाडायला खूप आवडलं. पण गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाकडे त्या नजरेने बघणं मला नाही जमणार."

"आणि मी डोळे मिटून दुकान कसं सांभाळू?" नवरा म्हणाला. भाभीच्या हसण्याचा असा काही स्फोट झाला की शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघू लागला.

टेक्सास राहिलं. नवऱ्याला अल क्वोजमधल्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं; पगार कमी, पण माणसं चांगली. मी आणि भाभी मात्र क्लबात जात राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात नणंद राहायला आली. तिला आम्ही कौतुकाने क्लबात घेऊन गेलो. इतकी वर्षं पिस्तूल बाळगणारी बाई! तिने पहिली गोळी झाडली ती छताच्या दिशेने गेली, दुसरीचा पत्ताच लागला नाही. हेडफोन काढून ती म्हणाली, "बाप रे, एवढा आवाज होतो?"

"ताई, म्हणजे तुम्ही कधी..."

"लायसन्सच्या वेळी काय ती झाडली असेल. तेव्हापासून पर्समध्येच आहे ना!"

भाभीने तिच्यामागे उभं राहून तिचे खांदे सरळ केले, कोपर धरलं आणि शिकवणीच्या सुरात म्हणाली, "श्वास सोडा आधी. यल्ला, चला, आता हळू." नणंदेने श्वास सोडला. गोळी कागदाच्या अगदी कडेला लागली, आणि साठीकडे झुकलेली ती बाई मला मिठी मारून लहान मुलीसारखी उड्या मारायला लागली.