मोघेसाहेबांची सही

ढेकूण मारायला गेलेला माणूस आधी गाद्या उलटतो. मोघेसाहेब आधी माणसं मोजत. "घरात कोण कोण असतं? कुणी आजारी? तान्हं मूल? पोपट-बिपट?" मग स्वतः गुडघ्यांवर बसून पलंगाच्या फटीत बॅटरी मारायची आणि त्यानंतरच कोणतं औषध, किती, याची चिठ्ठी लिहायची. बडोद्यात लहरीपुऱ्याजवळच्या आमच्या पेस्ट कंट्रोल कंपनीत परवाना असलेले सल्लागार ते एकटेच. मी त्यांच्या हाताखाली. साहेब आता नाहीत.

जागा न पाहता चिठ्ठी दिली तर परवाना रद्द, असा नियम आहे. आमच्या धंद्यात तो कुणी पाळत नाही. सल्लागार घरबसल्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करतात आणि चौकटीतल्या परवान्याला रोज उदबत्ती ओवाळतात. मला औषधांच्या वासाची कधी किळस आली नाही, त्या उदबत्तीची येते. साहेब म्हणत, "सही म्हणजे मी तिथे होतो. नव्हतो, तर सही कसली?"

एकदाच ते ढिले पडले. पत्नीच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर पुण्याला जायचं होतं. कंपनीचे शेठ मागेच लागले, "मोघेभाई, पांच ज सही छे ने! धंधो बंद राखुं?" मीही गळ घातली, "साहेब, मी आहे ना." त्यांनी पाच कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. पेन खिशाला लावताना एवढंच म्हणाले, "घर नीट बघ रे."

मी बघितलं नाही. घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतलं घर होतं, मला घाई होती. चिठ्ठीवर सगळ्यात जालीम औषध लिहिलं आणि फवारून मोकळा झालो. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. मी विचारलं नाही, आणि घरच्यांना वाटलं, चालत असेल. आजोबा वाचले, पण पुढे ऑक्सिजनच्या नळीशिवाय त्यांना राहता येईना.

चौकशीपूर्वी शेठनी सगळं जुळवून ठेवलं होतं. साहेब जागेवर गेले होते, घरच्यांनीच सूचना पाळल्या नाहीत, असं सगळ्यांनी सांगायचं. चौकशीत साहेब उभे राहिले. "मी ते घर पाहिलेलं नाही. सही माझी आहे."

अधिकारी हळूच म्हणाले, "अरे मोघेभाई, आवुं ना लखावो. परवानो जशे." साहेबांनी जबाब बदलला नाही. शेवटी अधिकाऱ्यांनी चिठ्ठी पुढे केली. "पण हे अक्षर कोणाचं?"

मी समोरच बसलो होतो. तोंड उघडलं नाही.

"सहीच्या वरचं सगळं सही करणाऱ्याचंच असतं," साहेब म्हणाले.

त्यांचा परवाना गेला. परीक्षा देऊन दोन वर्षांनी मी माझा मिळवला आणि निर्लज्जासारखा पेढे घेऊन वाडी भागातल्या त्यांच्या घरी गेलो. त्यांनी नमस्कार करू दिला, पेढा घेतला नाही.

"त्या आजोबांकडे गेलास कधी?"

"नाही, साहेब."

"मी जातो महिन्यातून एकदा. शिव्या देतात, ऐकून घेतो. हा पुडा तिकडे ने. आणि अक्षर कोणाचं, ते सांग त्यांना."

पोळेच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. पेढे ऑफिसात वाटले. सगळ्यांनी चवीनं खाल्ले. मीही दोन खाल्ले.