इंजिनाची परीक्षा शाडूच्या मूर्तीपुढे

पेणच्या कारखान्यातल्या गणपतीच्या मूर्ती मी माझ्या पिकअपमधून रोह्याला पोचवते. गेल्या वर्षी कारखान्याच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर चढताना भरलेली गाडी धापा टाकायला लागली. मी क्लच सोडला, गाडीला झटका बसला आणि पेंढ्यात ठेवलेल्या एका मूर्तीचा कान गेला. यंदा कारखान्याच्या शेठनी आधीच बजावलं, "परत असं झालं तर काम दुसऱ्याला." मला संताप आला. काम सोडणार नव्हते, म्हणून इंजिनाचं ट्यूनिंग करायचं ठरवलं.

रोह्याजवळच्या वरसे गावात एक मेकॅनिक लॅपटॉप लावून इंजिनाचं सेटिंग बदलून देतो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ताई, तुम्हाला मायलेजवालं टाकतो. बायकांना तेच बरं पडतं."

"बायकांना काय बरं पडतं ते बायकांना विचार. मला चढावर ओढ पायजे, झटका नाय पायजे."

"मग हे घ्या पॉवरवालं. गाडी उडेल."

मी गाडीत वजनासाठी माहेरच्या मिठागरातली मिठाची पोती भरूनच आणली होती. त्यांच्यावर पेंढा पसरला आणि शेठनी बाजूला टाकलेल्या दोन कच्च्या, बिनरंगाच्या शाडूच्या मूर्तींपैकी एक ठेवली. मेकॅनिकनं चपला काढल्या. "ताई, देवावर कसली परीक्षा करता?"

"अजून पूजा झाली नाय. मोडली तर भिजवून परत माती."

पॉवरवाल्या सेटिंगवर पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरच्या पायडलला पाय लागायचा अवकाश, गाडीनं उडी मारली. सोंड तुटली. मायलेजवाल्या सेटिंगवर इंजिन अर्ध्या चढावरच बंद पडलं. मग तो परत लॅपटॉप घेऊन बसला. खालच्या गिअरला ओढ वाढवली, पायडल मऊ केलं. "असं कोण मागत नाय," तो पुटपुटला.

"मी मागते ना."

दुसरी कच्ची मूर्ती ठेवली. चढ पार झाला तरी ती जागची हलली नव्हती.

यंदाच्या पहिल्या खेपेला शेठ गल्लीच्या टोकाला येऊन उभे राहिले. भरलेली गाडी मी चढाच्या मधोमध मुद्दाम थांबवली आणि तिथूनच अलगद वर काढली. त्यांनी पेंढा बाजूला करून एकेक कान तपासला. सगळे शाबूत होते.

"शेठ," मी म्हटलं, "काम दुसऱ्याला द्यायचं असंल तर आधी त्याला इथं मधी गाडी थांबवायला सांगा."